पात्राचे नैतिक अधःपतन खेळात कसे आणावे

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेमसाठी (यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) अधःपतनाचे नियम लिहिताना बहुतेक जण पापांची यादी करून प्रत्येकापुढे दंडाचे गुण मांडतात. अशा यादीतून खेळाडू एवढेच शिकतो की अमुक गोष्टी करायच्या नाहीत, आणि मोहाचा प्रसंगच खेळात येत नाही. म्हणून सुरुवात लाभापासून करावी: हरत आलेल्या लढाईत जास्तीचे फासे, हुकलेली फेक पुन्हा टाकण्याची मुभा, किंवा एरवी न मिळणारी माहिती. लाभ ठोस असावा, त्याची किंमत गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधीच सांगावी आणि निर्णय खेळाडूवर सोडावा. नकळत लादलेल्या अधःपतनाची खंत खेळाडूला वाटत नाही, त्याला फक्त गेम मास्टरचा राग येतो.

किंमत कशी मोजायची, यासाठी दोन खेळांतल्या पद्धती अभ्यासाव्यात. वेस्ट एंड गेम्सच्या स्टार वॉर्स खेळात (पहिली आवृत्ती १९८७) दुष्कृत्याबद्दल काळ्या बाजूचा गुण मिळताच सहा बाजूंचा एक फासा टाकतात. आकडा साठलेल्या गुणांपेक्षा कमी आला तर पात्र खेळाडूच्या हातून जाते. पहिल्या गुणाला धोका शून्य, दुसऱ्याला सहांत एक, तिसऱ्याला तीनांत एक. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’च्या पाचव्या आवृत्तीत (२०१८) माणुसकीच्या दहा चौकटी असतात; पात्राची माणुसकी जितकी, तितक्या भरलेल्या, बाकीच्या रिकाम्या. दुष्कृत्यांचे डाग रिकाम्या चौकटींत पडतात आणि सेशनच्या, म्हणजे खेळाच्या एका बैठकीच्या, शेवटी उरलेल्या कोऱ्या चौकटींइतके, पण किमान एक, दहा बाजूंचे फासे टाकले जातात. एकावरही सहा किंवा अधिक आले तर पश्चात्ताप झाला असे मानून डाग पुसतात, नाहीतर माणुसकीची एक चौकट जाते. माणुसकी सात आणि डाग दोन असतील तर एकच फासा उरतो, म्हणजे वाचण्याची शक्यता निम्मी.

मला दुसरी पद्धत अधिक मोलाची वाटते, कारण कृत्य आणि हिशेब यांच्यामध्ये वेळ जातो, आणि त्या वेळात खेळाडू आपल्या पात्राचे समर्थन करू लागतो, साथीदारांपासून काही लपवतो, कधी नुकसान भरून काढायला धावतो. एका रात्रीत संपणाऱ्या खेळासाठी मात्र पहिलीच घ्यावी.

कोणते कृत्य डाग ठरेल, हे पहिल्या सेशनपूर्वी सर्वांनी मिळून तीन-चार वाक्यांत लिहावे. टेबलावर कोणते विषय मुळीच नकोत, तेही त्याच वेळी ठरवावे. परतीची वाट ठेवावी, पण ती केवळ विश्रांती घेऊन मिळू नये; ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर पात्राला उभे राहावे लागेल, असा प्रसंग गेम मास्टरने तयार ठेवावा. पात्र हातून गेलेच, तर त्याचा शेवटचा प्रवेश त्याच्या खेळाडूलाच खेळू द्यावा आणि मगच गेम मास्टरने ते पात्र आपल्याकडे घ्यावे.