घरच्या राउटरचं फर्मवेअर तपासायचं कसं

वायफायचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, राउटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) कमांड इंजेक्शनचं, म्हणजे परक्याला राउटरवर हुकूम चालवू देणारं, भगदाड असेल तर तो पासवर्ड तुम्हाला वाचवत नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत वायफायच्या सुरक्षेचा विषय निघाला की शेजारचं पोरगं फुकट नेट वापरेल, एवढ्यावरच गाडी थांबते. मी सीप्झमधल्या एका ऑफिसात अशाच छोट्या डब्यांचं फर्मवेअर तपासते. मला काळजी असते ती घराबाहेरून, कुठल्या तरी भलत्याच देशातून येणाऱ्या विनंतीची.

आधी हे भगदाड पडतं कसं ते समजून घ्या. राउटर म्हणजे एक छोटा लिनक्स कॉम्प्युटरच. त्याच्या सेटिंगच्या पानावर बहुतेक वेळा ‘डायग्नोस्टिक्स’ नावाचा भाग असतो. तिथल्या खान्यात एखादा पत्ता टाकला की राउटर त्याला पिंग करून, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासून, दाखवतो. आळशीपणाने लिहिलेलं फर्मवेअर काय करतं? ‘पिंग’ या शब्दापुढे तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं चिकटवतं आणि अख्खी ओळ शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हवाली करतं. शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे एक कमांड संपली, पुढची सुरू. म्हणजे पत्त्यानंतर अर्धविराम देऊन कुणी दुसरी कमांड लिहिली, तर राउटर तीही इमानाने चालवणार. त्यातून बऱ्याच घरगुती राउटरांत हे पान रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतं. मग राउटर पूर्णपणे त्या माणसाचा झाला.

असा खाना फक्त पिंगचाच असतो असं नाही. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ मध्ये तो देश निवडायचा होता, आणि त्याला लॉगिनही लागत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये टोरंटोच्या प्वन२ओन या उपकरणं फोडून दाखवायच्या स्पर्धेत संशोधकांनी ते दाखवून दिलं. मार्च २०२३ मध्ये कंपनीने दुरुस्त केलेलं फर्मवेअर दिलं. एप्रिलमध्ये मिराई बॉटनेटने (मालवेअरने ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) तेच भगदाड वापरायला सुरुवात केली. दुरुस्ती आधी आली आणि हल्ला नंतर, तरी घरं सापडली, कारण फर्मवेअर कुणी चढवलंच नव्हतं. जाहीर सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई यादीतली ही नोंद सीव्हीई-२०२३-१३८९ या क्रमांकाने शोधून जरूर वाचा. ती वाचलीत की बाकीच्या नोंदी वाचता येतात.

आता कामाला लागू. राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव असतं, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत हार्डवेअर व्हर्जन. दोन्ही लिहून घ्या किंवा फोटो काढा. एकाच नावाच्या राउटरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीचं फर्मवेअर चढवलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. मग सेटिंगच्या पानावर जाऊन सध्याच्या फर्मवेअरचा क्रमांक आणि तारीख टिपा.

पुढचा प्रश्न, राउटर कुणाचा? इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला डबा असेल तर फर्मवेअर बहुधा तेच दुरून बदलतात, तुम्हाला ते बटण दिसतही नाही. अशा वेळी कस्टमर केअरला नुसतं ‘राउटर सेफ आहे ना?’ विचारू नका. ‘हो मॅडम’ एवढंच उत्तर मिळतं. मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन आणि फर्मवेअरचा क्रमांक सांगा, आणि विचारा की यापुढचं फर्मवेअर आलंय का आणि माझ्या डब्यावर कधी चढणार. तक्रार क्रमांक घ्या. लोकल केबलवाल्या दादांकडून कनेक्शन असेल तर त्यांच्याशीही नीट बोलून घ्या. लाइन तेच टाकतात, राउटरही तेच लावतात, आणि अॅडमिनचा पासवर्ड ‘अॅडमिन’ ठेवून निघून जातात. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा मोठा हल्ला झाला, तो अशाच मूळच्या पासवर्डांच्या जोरावर.

राउटर स्वतःचा असेल तर निर्मात्याच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं सपोर्ट पान उघडा आणि नव्या फर्मवेअरसोबतची टीप वाचा. शिवाय मॉडेलच्या नावापुढे ‘कमांड इंजेक्शन’ लिहून सर्च करा. सापडलेल्या नोंदीत दोन गोष्टी बघायच्या: कुठल्या व्हर्जनपर्यंत हा दोष आहे, आणि लॉगिन लागतं की नाही. लॉगिन न लागणारा दोष असेल तर ते काम आजच उरका. लॉगिन लागणाऱ्याला लोक किरकोळ समजतात, ते मला पटत नाही. अॅडमिनचा पासवर्ड स्टिकरवरचाच असेल तर ते लॉगिन नावापुरतंच.

फर्मवेअर चढवताना लॅपटॉप लॅनच्या वायरीने जोडा, वायफायवरून करू नका. आधी सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवा. पावसाळ्यात लाइट लपलपत असेल त्या संध्याकाळी तर हे काम करूच नका, कारण अर्ध्यात वीज गेली तर फर्मवेअर अर्धवटच राहतं. राउटर परत चालू झाला की क्रमांक बदललाय का ते डोळ्यांनी बघा.

आता स्वतःची चाचणी. ती फक्त स्वतःच्या मालकीच्या राउटरवर करायची. दुसऱ्याच्या किंवा सोसायटीच्या राउटरवर परवानगीशिवाय केलीत तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ लागू होऊ शकतं, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पिंगच्या खान्यात आधी १२७.०.०.१ हा राउटरचा स्वतःचाच पत्ता टाका आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. मग त्याच पत्त्यापुढे अर्धविराम, आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरांत स्लीप, एक जागा सोडून २० लिहा. उत्तर बरोबर २० सेकंद उशिरा आलं तर राउटरने तुमची कमांड चालवली. पानाने लगेच ‘पत्ता चुकीचा आहे’ म्हटलं तर ते चांगलं लक्षण, पण पुरावा नव्हे. पुष्कळदा ती तपासणी ब्राउझरमध्येच होते आणि राउटरच्या आत काहीच तपासलं जात नाही. ब्राउझरला वगळून थेट विनंती पाठवणाऱ्याला ती अडवत नाही. इंजिनिअरिंगची मुलं वाचत असतील तर त्यांनी तीही चाचणी घरच्या राउटरवर करून बघावी, त्यातून शिकायला खूप मिळतं.

मग दारं बंद करा. रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून सेटिंग बदलायची सोय) बंद. टेलनेट (दुरून कमांड द्यायची जुनी सोय) बंद. यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) लागत नसेल तर तेही बंद. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. अॅडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. स्टेटसच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटकडचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या (कंपनीने एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटायच्या व्यवस्थेच्या) मागे आहात, म्हणजे बाहेरून सरळ तुमच्या राउटरपर्यंत कुणी येत नाही. त्यावर विसंबू मात्र नका. त्याच कंपनीच्या जाळ्यातलं दुसरं बाधित घर येऊ शकतं, आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर पत्ता सगळ्या जगाला दिसणारा असतो. तिथलं फायरवॉल चालू आहे ना, ते बघा.

घरातूनही वाट असते. डिसेंबर २०१६ मध्ये नेटगिअरच्या आर७००० आणि आणखी काही राउटरांत असं आढळलं की घरातल्या कुणी नुसतं एखादं दुष्ट वेबपेज उघडलं, तरी ते पान त्याच्याच ब्राउझरकडून राउटरला कमांड पाठवू शकतं. म्हणून रिमोट मॅनेजमेंट बंद केलं तरी फर्मवेअर चढवणं टळत नाही.

राउटर आधीच बाधित झाल्याची शंका असेल तर डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता पहिल्यांदा बघा. तिथे तुमच्या कंपनीचा किंवा तुम्ही स्वतः टाकलेला पत्ता नसून तिसराच असेल तर काहीतरी गडबड आहे. मिराईसारखी मालवेअर राउटरच्या मेमरीत राहते, बंद-चालू केलं की जाते. पण भगदाड तसंच असेल तर ती परत येते, आणि फार वेळ लावत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. फर्मवेअरची फाइल मोबाइल डेटावरून आधी उतरवून ठेवा. मग बाहेरून येणारी नेटची वायर काढा, फॅक्टरी रिसेट करा, फर्मवेअर चढवा, पासवर्ड बदला, आणि सगळ्यात शेवटी वायर लावा. बॅकअपची जुनी फाइल या वेळी वापरू नका, सेटिंग हाताने भरा. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट काढायची मोफत साधनं मिळतात, ती घरच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर चालवून घ्या.

काही राउटर मात्र सोडूनच द्यावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीला झायक्सेलच्या जुन्या डीएसएल राउटरांत टेलनेटमार्गे कमांड इंजेक्शन चालू असल्याचं उघड झालं आणि कंपनीने सांगितलं की ही मॉडेलं आता बंद आहेत, दुरुस्ती येणार नाही, बदलून टाका. तुमच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर ‘एंड ऑफ लाइफ’ लिहिलेलं असेल तर डबा चालतोय म्हणून ठेवू नका. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तुमचं नेमकं हार्डवेअर व्हर्जन असेल तर ते मोफत फर्मवेअर चढवून जुना राउटर वापरता येतो, मात्र ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या डब्यांच्या वाटेला जाऊ नका. लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळणारा वापरलेला राउटर घेताना मॉडेल आणि व्हर्जन दुकानातच फोनवर शोधा, शेवटचं फर्मवेअर कुठल्या साली आलं ते बघा, आणि मगच पैसे द्या. मी तरी ३ वर्षांत एकही फर्मवेअर न आलेला राउटर घेत नाही, मग तो कितीही झकास दिसो.

जुना राउटर भंगारवाल्याला किंवा ई-कचऱ्यात देण्याआधी रिसेटचं बटण दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरा. त्यात तुमच्या ब्रॉडबँडचं युजरनेम, पासवर्ड आणि वायफायचं नाव तसंच पडून असतं.