फॉरमॅट मारूनही त्रास जात नाही? या चुका टाळा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानांपासून शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: "व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारला, दोन दिवसांत परत तेच." फॉरमॅटचे पैसे जातात आणि टॅलीचा डेटा परत चढवण्यात दिवस जातो. त्याआधी एक करून बघा. ज्या साइटला त्रास होतो तीच साइट दुकानाच्या वायफायवर मोबाइलमध्ये उघडा, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. वायफायवर भलतंच पान येत असेल आणि डेटावर सगळं ठीक असेल, तर दोष बहुधा राउटरमध्ये आहे.

राउटरकडे न बघणं

आपण साइटचं नाव टाकतो, पण इंटरनेटला पत्ता लागतो तो आकड्यांचा. नावावरून आकडा शोधून देण्याचं काम डीएनएस करतं. राउटरमधलं डीएनएसचं सेटिंग कोणी बदललं, की नाव बरोबर टाकूनही आपण चोराच्या पानावर जातो. डीएनएसचेंजर या मालवेअरनं (घातक प्रोग्रॅमनं) सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांचं असंच केलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी पकडली गेली, पण तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या सगळ्यांचं इंटरनेट थांबलं असतं. म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

उपाय असा: कनेक्शनचा युजर आयडी आणि पासवर्ड आधी लिहून घ्या, मग राउटर रीसेट करा. अॅडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय बंद ठेवा. डीएनएसच्या रकान्यात ९.९.९.९ टाकलं तरी चालतं. ही क्वाड-नाइनची मोफत सेवा असून मालवेअरची माहीत असलेली नावं ती अडवते. कॉम्प्युटरची सफाई यानंतर करा.

डीव्हीआरचा पासवर्ड तसाच ठेवणं

कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला, कंपनीनं दिलेला पासवर्डच ठेवून जातो, मालक घरून मोबाइलवर कॅमेरे बघतो आणि कोणालाच काही खटकत नाही. २०१६ मध्ये मिराई बॉटनेट (चोरून ताबा घेतलेल्या उपकरणांची फौज) अशाच कॅमेऱ्यांवर आणि डीव्हीआरवर उभं राहिलं. त्याच्याकडे साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, बस्स. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यानं डाइन या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात.

मिराई उपकरणाच्या मेमरीत राहतं, त्यामुळे रीस्टार्ट केलं की जातं. पण पासवर्ड जुनाच असेल तर थोड्याच वेळात परत शिरतं. म्हणून आधी इंटरनेटची वायर काढा, डीव्हीआर रीस्टार्ट करा, पासवर्ड बदला आणि मगच वायर जोडा. आपले कॅमेरे नीट चालतात म्हणून हे टाळणं मला मुळीच पटत नाही. आपल्या कनेक्शनवरून दुसऱ्याचं नुकसान होत असतं.

इंटरनेट कंपनीचा इशारा फेकून देणं

"तुमच्या कनेक्शनवर बॉट आढळला", म्हणजे तुमचं एखादं उपकरण अशा फौजेत सामील आहे, असा मेसेज फसवाच असेल असं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून इंटरनेट कंपन्यांमार्फत असे इशारे पाठवतं. मेसेजमधली लिंक मात्र दाबू नका. केंद्राची साइट स्वतः शोधून उघडा. बॉट काढायची साधनं तिथे मोफत आहेत.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर असणं

चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानाची साइट ओळखीच्या मुलानं करून दिलेली असते, डोमेनही (साइटचं नाव) त्याच्याच ईमेलवर घेतलेलं असतं. तो नोकरीला पुण्याला गेला, की नूतनीकरणाची पत्रं त्यालाच जातात. मुदत संपून सवलतीचे दिवसही गेले, की ते नाव कोणीही घेऊ शकतो. नाव घेणाऱ्याला त्या नावावरची ईमेलही मिळू लागते: गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आणि पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा. माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

हूइज या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सोयीवर शोधलं तर मुदत आणि रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कळतो, मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याचं लॉगिन मागून घ्या. त्यात स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घाला, दुहेरी पडताळणी चालू करा, डोमेन दुसरीकडे हलवू न देणारं ट्रान्सफर लॉक लावा. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन गेलं तर खात्यात शिरायची वाटही जाईल.

या सगळ्यात बँकेतून पैसे गेले असतील, तर राउटर नंतर बघा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.