लिबएल्फ वापरून .ए फाइलच्या आत काय आहे ते कसं बघायचं

.ए फाइल म्हणजे अर्काइव्ह, .ओ फाइलींची (कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलींची) बांधलेली मोटच असते, सुरुवातीला 8 बाइटची खूण आणि मग प्रत्येक मेंबरच्या (आतल्या फाइलच्या) आधी 60 बाइटचा हेडर, तोही साध्या अक्षरांत, साइजसुद्धा आकडे टाइप केल्यासारखी. हे हाताने वाचता येतं पण कशाला, एल्फ फॉरमॅटच्या ऑब्जेक्ट फाइली वाचणारी लिबएल्फ ही सी लायब्ररी आहे ना.

सगळ्यात आधी एल्फ_व्हर्जन कॉल करा, हे राहिलं की फाइल उघडणारं एल्फ_बिगिन सरळ नल (रिकामा पॉइंटर) देतं आणि आपण उगाच फाइलचा पाथ तपासत बसतो. मग एल्फ_काइंडला विचारा, अर्काइव्ह आहे की सुटी ऑब्जेक्ट फाइल. अर्काइव्ह असेल तर लूपमध्ये परत एल्फ_बिगिन, यावेळी शेवटी अर्काइव्हचा पॉइंटर द्यायचा, काम झालं की मेंबरवर आधी एल्फ_नेक्स्ट आणि मगच एल्फ_एंड, हा क्रम अजिबात उलटा करू नका, मेंबर बंद केल्यावर नेक्स्टला द्यायला काही उरतच नाही.

लिनक्सवर पहिला मेंबर बहुतेक वेळा नुसत्या "/" नावाचा दिसेल, घाबरू नका, ती सिम्बॉलची (फंक्शन, व्हेरिएबल यांच्या नावांची) यादी आहे, ऑब्जेक्ट फाइल नाही, म्हणून दर मेंबरचा काइंड बघूनच सेक्शन (ऑब्जेक्ट फाइलचे कोड, डेटा वगैरे भाग) वाचायला घ्या.