शेअरिंगची सायकल घेऊन सिग्नल पार कसा करायचा (बस शेजारी असताना)

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात औंधला नि विद्यापीठात शेअरिंगच्या सायकली आल्या तेव्हापासून मी असल्या गाड्या चालवतेय. त्यामुळे ॲप टाका, क्यूआर स्कॅन करा हे काही सांगत बसत नाही.

कुलूप उघडलं की दोन्ही ब्रेक दाबून गाडी पुढे ढकलून बघा, सरकली तर ती सोडा, दुसरी घ्या. सीट कमरेएवढी करा. इलेक्ट्रिकवाली २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असते म्हणून लायसन लागत नाही, पण हेल्मेट घालाच, घरून आणा.

आता रस्ता. जो तो सांगतो, अगदी डावीकडून चालव. नका ऐकू. अगदी डावीकडे चेंबरची झाकणं असतात आणि लावलेल्या गाड्यांची दारं फटकन उघडतात. लावलेल्या गाड्यांपासून हातभर तरी लांब राहा आणि सरळ रेषेत चला, मोकळी जागा दिसली की आत, गाडी आली की बाहेर असं करू नका.

खरी भानगड सिग्नलला आहे. पुण्यातल्या नळ स्टॉप चौकात लाल लागलेला, पुढे बस, ती जरा उजवीकडे सरकली आणि डावीकडे मस्त जागा झाली, मी घुसले. सिग्नल सुटला आणि बस डावीकडे वळायला लागली. पुढचं चाक लांबून गेलं म्हणून मला वाटलं सुटले, पण मागचं चाक पुढच्याच्या वाटेने जातच नाही, ते आतून कापत येतं. पत्रा कोपराला घासत होता आणि चाकाचे नट मला एकेक दिसत होते. सायकल टाकून फुटपाथवर उडी मारली म्हणून आज लिहितेय.

तेव्हा नीट ऐका. लांब गाडीला डावीकडे वळायचं असलं की ती आधी उजवीकडे जाते, वळण बसावं म्हणून. ती मोकळी झालेली जागा तिच्या मागच्या चाकासाठी असते, तुमच्यासाठी नाही. इंडिकेटरची वाट बघू नका, तो लागेलच असं नाही. बस पुढे असेल तर तिच्या मागेच थांबा, लेनच्या मध्यावर, मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. तुम्ही आधी आलात आणि बस नंतर शेजारी येऊन थांबली तर ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, सरळ उतरा, सायकल उचलून फुटपाथवर घ्या, बस जाऊ दे. एक सिग्नल गेला तर गेला. कुणी म्हणेल जोरात पॅडल मारून बसच्या पुढे निघून जा, तर त्याचं अजिबात ऐकू नका, बस सुटते तेव्हा तुमच्या पायात तेवढा वेग नसतो.

स्टॉपवर थांबलेल्या बसलाही डावीकडून काढू नका, माणसं उतरत असतात.

पोचलात की ठरलेल्या जागीच लावा, फुटपाथ अडवू नका, आणि राइड संपल्याचा मेसेज स्क्रीनवर बघितल्याशिवाय तिथून हलू नका, नाहीतर मीटर चालूच राहतो.