कवटी आणि मानेच्या सांध्यावरची गाठ: वाट निवडताना आणि आत शिरताना

न्यूरोसर्जरीत नवे असताना अप्रोचची, म्हणजे गाठीपर्यंत जायच्या वाटांची, नावं पाठ करण्यात बराच वेळ जातो. त्याआधी एमआरआयवर एक गोष्ट पाहायची सवय लावा: गाठीने मज्जारज्जू कुठे ढकललाय? रज्जू ओढून किंवा ओलांडून गाठीपर्यंत जायचं नाही, हा इथला पहिला नियम.

गाठ मागे असेल तर मधोमध चीर देऊन कवटीचं मागचं थोडं हाड आणि सी-१ची (मानेच्या पहिल्या मणक्याची) मागची कमान काढली की बहुतेकदा पुरतं. ड्युराच्या (मेंदू आणि रज्जूवरच्या जाड आवरणाच्या) बाहेरच्या, क्लायव्हसमधल्या (कवटीच्या तळाच्या मधल्या हाडातल्या) मध्यरेषेवरच्या कॉर्डोमाला, म्हणजे हाडातल्या गाठीला, नाकातून एंडोस्कोपने जाता येतं. किती खाली पोहोचता येईल याचा अंदाज नाकाच्या हाडाच्या खालच्या टोकापासून कठीण टाळूच्या मागच्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतात. प्रत्यक्षात हात त्या रेघेच्या थोडा वरच थांबतो, हे धरून चाला. ड्युराच्या आतल्या मेनिन्जिओमासाठी (मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीसाठी) तोंडातून जाणं मात्र टाळावं. जंतूंनी भरलेल्या जागेतून मेंदूभोवतीचं पाणी गळलं की मेनिन्जायटिसचा धोका मोठा.

पुढून आणि बाजूने वाढलेल्या मेनिन्जिओमासाठी फार लॅटरल, म्हणजे मागून-बाजूने जाणारी वाट. इथे खरी परीक्षा व्हर्टिब्रल आर्टरीची, म्हणजे सी-१च्या कमानीवरून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची. सी-१च्या कमानीवर मधल्या रेषेपासून मागच्या बाजूने दीड सेंटिमीटर आणि वरच्या कडेने एक सेंटिमीटर, यापुढे डायथर्मी (विजेने कापणारं-जाळणारं हत्यार) न्यायचीच नाही. तिथून पुढे बोथट हत्याराने, पेरिऑस्टियमखालूनच (हाडावरच्या पातळ पडद्याखालूनच) सरकायचं. आर्टरीभोवतीचं शिरांचं जाळं फाटलं की रक्त भराभरा येतं. घाबरून बायपोलर (रक्तवाहिनी जाळून बंद करणारा चिमटा) आंधळेपणाने फिरवू नका, सर्जिसेल (रक्त थांबवणारी जाळी) आणि कॉटनॉइड (कापसाची पट्टी) दाबून थांबा.

सीटी अँजिओ स्वतः उघडून बघा, रिपोर्टवर भागवू नका. कुठली आर्टरी मोठी, सी-१वर हाडाचा जादा पूल आहे का, पायका (व्हर्टिब्रलची लहान मेंदू आणि मेड्युलाला रक्त देणारी फांदी) ड्युराच्या बाहेरच निघते का. पूल असला तर कमान जाड वाटते आणि ड्रिल थेट आर्टरीवर जातं. बाहेर निघालेली पायका स्नायूची फांदी समजून जाळली, तर मेड्युलाच्या (रज्जूच्या वरच्या, मेंदूच्या देठाच्या) बाजूचा भाग मरतो.

कंडाइल (सी-१वर टेकणारा कवटीचा उंचवटा) किती घासायचं? बहुतेकदा वाटतं त्याहून कमी. गाठीनेच रज्जू सरकवून वाट केलेली असते, म्हणून अनेकांना कंडाइलला हातही लावावा लागत नाही. लागलाच तर मागचा एक तृतीयांश भाग, आणि हायपोग्लॉसल कॅनॉलच्या (जिभेच्या नर्व्हच्या हाडातल्या बोगद्याच्या) मागेच थांबायचं. निम्म्याहून जास्त गेलं तर सांधा डळमळतो, मग डोकं-मान फ्युजन (स्क्रू-सळ्यांनी जोडणं) आलंच.

ड्युरा उघडल्यावर डेंटेट लिगामेंट (रज्जूला बाजूने ड्युराशी बांधणारा पट्टा) कापलं की रज्जू सैल होतो. पण त्याच्या मागून वर चढणारी ॲक्सेसरी नर्व्ह (अकरावी, मान-खांद्याच्या स्नायूंची) आधी ओळखा. गाठ व्हर्टिब्रलच्या खाली असेल तर नवव्या ते बाराव्या नर्व्ह (गिळणं, आवाज, खांदा, जीभ सांभाळणाऱ्या) वरच्या बाजूला ढकललेल्या सापडतात. गाठ आर्टरीच्या वर असेल तर त्या कुठे असतील याचा भरवसा नाही. आधी ड्युरावरचा रक्तपुरवठा तोडा, मग आतून गाठ पोकळ करा, गाठीचं आवरण शेवटी.

ऑपरेशननंतर श्वासाची ट्यूब काढायची घाई इथे सगळ्यात महाग पडते. नववी-दहावी नर्व्ह दुखावली असेल तर पेशंट हाकेला प्रतिसाद देतो, शुद्धीत असतो आणि तरीही लाळ फुप्फुसात जाते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाण्याचा घोटही द्यायचा नाही.