खोल पाण्यातला कोन शंख ओळखायचा कसा

ससून डॉकला पहाटे मासळी निवडून झाली की जो कचरा उरतो, त्यात मी शंख बघते. कोनस मिल्नेएडवर्डसी हा खोल पाण्यातला कोन शंख दिसावा अशी इच्छा असेल तर आधी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला विचारा, ‘दादा, जाळं किती वाव पाण्यात मारलंत?’ वाव म्हणजे साधारण सहा फूट. तीस वावांच्या आतलं उत्तर आलं तर आशा सोडा. हा शंख साधारण ५० ते १८० मीटर खोलीवर राहतो.

ढिगात हात घालू नका, लांब चिमटा वापरा. शंखाच्या फटीतून नांग्या डोकावत असतील तर आत खेकड्याने बिऱ्हाड केलंय. मऊ, मांसल पाय दिसला तर गोगलगायच आहे. तिचा दात पोकळ भाल्यासारखा असतो, त्यातून ती भक्ष्यात विष सोडते. काही कोन गोगलगायींच्या डंखाने माणसं दगावली आहेत आणि या विषावर उतारा नाही. रुंद बाजूने धरलं की धोका नाही, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. सोंड तिथवर वळते.

आता ओळख. नुसती नक्षी बघून फसायला होतं, कारण उथळ पाण्यातल्या कोनस टेक्स्टाइलवरही तपकिरी रेघांचे त्रिकोण असतात. मी आधी शिखर बघते. टेक्स्टाइलचं शिखर बुटकं आणि अंग फुगीर. मिल्नेएडवर्डसीचं शिखर उंच, त्याचे वेढे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक चढलेले, आणि खालचं अंग सडपातळ, सरळ उतरत गेलेलं. पांढऱ्यावर तपकिरी रेघांची बारीक जाळी, मध्ये गडद पट्टे. जिवंत कोन शंखावर बरेचदा सालीचा थर असतो, त्यामुळे नक्षी दिसली नाही तरी शिखर दिसतंच.

१८९४ साली जूसोम या फ्रेंच शंख-अभ्यासकाने मिल्नेएडवर्डसीला नाव दिलं. पुढे १८९९ मध्ये मेलव्हिल आणि स्टँडन या अभ्यासकांनी कोनस क्लायटोस्पिरा म्हणून वर्णन केलेला शंख याच जातीचा, आणि तो मुंबईसमोरच्या समुद्रातलाच. म्हणून इथल्या प्रत्येक नोंदीला मी फार जपते.

मात्र घरी न्यायचा नाही, रिकामा असला तरी. २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून शिखर, बाजू आणि तोंड असे तीन फोटो काढा, खोली आणि तारीख लिहा, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबईतल्या केंद्राला कळवा. खलाशांनाही फोटो दाखवून ठेवा. जाळं वर आल्या आल्या समुद्रात परत सोडली, तरच ती गोगलगाय जगण्याची शक्यता असते.