विज्ञानकथा मालिका पाहताना मरणाचा विचार कसा करावा: ख्रिस्ती प्रेक्षकासाठी काही सूचना

विज्ञानकथेच्या मालिकांमध्ये मरण क्वचितच अंतिम असते. कोणाची स्मृती संगणकात साठवून ठेवलेली असते, कोणाला नवे शरीर मिळते, तर कोणी भूतकाळात जाऊन घडलेला अपघात टाळतो. ख्रिस्ती माणूस रविवारच्या उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना शरीराच्या पुनरुत्थानावर आणि सार्वकालिक जीवनावर आपला विश्वास असल्याचे सांगतो आणि त्याच संध्याकाळी घरी अशी एखादी मालिका पाहतो. मात्र या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. ही सवय लावून घेता येते आणि ती लावून घेण्यासारखी आहे असे मला मनापासून वाटते, कारण मरण चुकवण्याची कथा जितक्या बारकाईने पाहावी, तितके आपण नेमकी कशाची आशा धरून जगतो हे स्पष्ट होत जाते. पुढील सूचना एकट्याने पाहणाऱ्यांना, कुटुंबाला आणि मंडळीतील लहान गटाला सारख्याच उपयोगी पडतील.

भागाची निवड

सुरुवातीला संपूर्ण मालिका हाती घेऊ नये. ज्याची कथा त्याच भागात पूर्ण होते आणि ज्यात मरणाची किंमत कोणाला तरी खरोखर मोजावी लागते, असा एकच भाग निवडावा. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधील १९९२ सालचा ‘द इनर लाइट’, ‘बॅबिलॉन ५’मधील १९९५ सालचा ‘पासिंग थ्रू गेथसेमेन’ आणि ‘ब्लॅक मिरर’मधील २०१३ सालचा ‘बी राइट बॅक’ हे तीन भाग मागचे काहीही न पाहता समजतात. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ (२००४ ते २००९) या विषयासाठी याहूनही समृद्ध आहे, पण ती क्रमाने पाहावी लागते. तिच्याकडे नंतर वळावे. ज्या भागांत माणसे केवळ स्फोटाची शोभा वाढवण्यासाठी मरतात, ते या कामासाठी निरुपयोगी आहेत.

पाहण्याआधीचे वाचन

भाग सुरू करण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील एक उतारा मोठ्याने वाचावा. माझी पहिली पसंती योहानकृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायाला आहे. तेथे येशू आपला मृत मित्र लाजर याच्या कबरेपाशी येतो. आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे आणि तरीही तो रडतो. लाजराची बहीण मार्था त्याला सांगते की, लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले असून आता दुर्गंधी येत असेल. शास्त्र येथे मरणाला गोड करून सांगत नाही. लाजर बाहेर येतो, पण त्याच मर्त्य शरीराने, आणि त्याला पुढे कधीतरी पुन्हा मरावे लागणारच असते. याउलट ख्रिस्त मेलेल्यांतून उठला असून तो पुन्हा मरत नाही, असे पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात सांगतो. हा फरक मनात पक्का करून मगच पडद्याकडे वळावे, कारण दूरचित्रवाणीवरील जवळजवळ प्रत्येक ‘पुनरागमन’ फार तर लाजराच्या जातीचे असते. त्यात मरण पुढे ढकलले जाते, जिंकले जात नाही.

त्यानंतर लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातील शेवटचा भाग वाचावा. उठलेला येशू शिष्यांना आपले हातपाय दाखवतो आणि त्यांच्यादेखत भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. योहानाच्या २० व्या अध्यायात त्याच्या शरीरावरील जखमांच्या खुणा तशाच आहेत. ख्रिस्ती आशेत शरीर हे टाकून देण्याचे कवच नाही, आणि देहाने सोसलेले पुसूनही टाकले जात नाही. १ करिंथकरांस पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल जमिनीत पेरलेल्या दाण्याचे उदाहरण देतो: जे पेरले जाते ते नाशवंत असते, जे उठवले जाते ते अविनाशी असते, आणि तरीही दोहोंत नाते असते. त्याच अध्यायात मरणाला शेवटचा शत्रू म्हटले आहे. मरण ही निसर्गाची एक सोय आहे, असे ख्रिस्ती माणसाने घाईघाईने म्हणू नये.

पाहताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न शरीराविषयीचा असावा. कथेत जी व्यक्ती परत येते ती तीच आहे की तिची प्रत आहे, आणि कथेला या फरकाची चाड आहे का, हे पाहावे. ‘ऑल्टर्ड कार्बन’ (२०१८ ते २०२०) मध्ये माणसाची जाणीव मानेतील एका चकतीत साठवलेली असते आणि धनवान लोक वस्त्रे बदलावीत तशी शरीरे बदलून शतकानुशतके जगतात. तेथे नव-कॅथलिक म्हणवणारे लोक असे पुन्हा उठवले जाण्यास धर्माच्या आधारे नकार देतात. मालिका त्यांच्याकडे अडसर म्हणून पाहते, कारण खून झालेल्या नव-कॅथलिकाला साक्ष देण्यासाठी परत आणता येत नाही. ख्रिस्ती प्रेक्षकाने येथे क्षणभर थांबावे. त्या पात्रांच्या तोंडी घातलेली शिकवण आपली नाही हे खरे. पण शरीर ही विकत घेण्याजोगी वस्तू होऊ नये, हा त्यांचा आग्रह आपल्या श्रद्धेच्या फार जवळचा आहे.

दुसरा प्रश्न असा की, मरण टाळण्याची किंमत कोण देतो. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मधील सायलॉन, म्हणजे माणसांसारखे दिसणारे यंत्रमानव, मारले गेले की त्यांची जाणीव दुसऱ्या शरीरात उतरते, आणि म्हणून त्यांना मरणाचे भय उरत नाही. या निर्भयतेमुळे ते शहाणे झालेले दिसत नाहीत. दुसऱ्याच्या मरणाविषयी ते अधिक बेपर्वा होतात. २००८ साली प्रसारित झालेल्या भागांत त्यांच्यातीलच एक गट ही पुनर्जन्माची यंत्रणा नष्ट करण्यास तयार होतो, कारण अंत असल्याशिवाय आपल्या जगण्याला मोल येणार नाही असे त्याला वाटू लागते. हा विचार उदात्त आहे, पण तो ख्रिस्ती विचार नव्हे, आणि चर्चेत हे स्पष्टपणे म्हणावे. आपल्या श्रद्धेनुसार जीवनाला मोल देवाच्या प्रीतीमुळे आहे. मरणामुळे आपण दिवस मोजायला शिकतो, अशी प्रार्थना ९० व्या स्तोत्रात आहे; मरणच जीवनाला अर्थ देते, असे ते स्तोत्र कोठेही म्हणत नाही.

शोक करायला कोणी थांबते का, हाही प्रश्न विचारावा. बऱ्याच मालिकांत पुढच्या भागापर्यंत सगळे विसरलेले असतात. ज्या विसरत नाहीत, त्या मनात ठेवाव्यात.

दोन भाग जवळून

‘द इनर लाइट’मध्ये कॅप्टन पिकार्ड एका अज्ञात यानाच्या किरणामुळे बेशुद्ध होतो आणि कटान नावाच्या ग्रहावर केमिन या माणसाचे आयुष्य जगू लागतो. तेथे त्याला एलिन ही पत्नी आहे, मुले होतात, नातवंड होते, तो बासरी वाजवायला शिकतो आणि म्हातारा होतो. त्याच्या स्वतःच्या यानावर तोवर जेमतेम पंचवीस मिनिटे गेलेली असतात. पायात येणारे त्याचे बूट त्याने उचलून जागेवर ठेवावेत, अशी एलिनची कायमची तक्रार असते. मरणशय्येवरही ती त्याला बूट नीट ठेवण्याची आठवण करून देते आणि तो वचन देतो. मला हा प्रसंग या संपूर्ण प्रकारातील सर्वात सत्य प्रसंगांपैकी एक वाटतो. मरणाच्या दारी माणसे बहुधा तत्त्वज्ञान बोलत नाहीत. ती औषधाच्या वेळेविषयी, दाराच्या कडीविषयी, कोणी जेवले की नाही याविषयी बोलतात, आणि त्यातच त्यांची सगळी प्रीती असते. गटात हा भाग पाहिल्यास, आपल्या प्रियजनाचे शेवटचे साधे वाक्य कोणाला आठवते का, एवढेच विचारावे. भागाच्या शेवटी कळते की तो ग्रह नष्ट होणार होता आणि आपली आठवण कोणीतरी ठेवावी म्हणून तेथील लोकांनीच ते यान पाठवले होते. म्हणून हेही विचारावे की, त्यांना केवळ आठवणीत राहणे पुरेसे वाटले, तसे आपल्याला वाटते का. ख्रिस्ती आशा येथे आणखी पुढे जाते: माणसे विसरली तरी देव विसरत नाही, आणि त्याने आठवण ठेवणे म्हणजेच त्याने उठवणे.

‘पासिंग थ्रू गेथसेमेन’ याहून कठीण आहे. ब्रदर एडवर्ड हा संन्यासी अवकाशस्थानकावर राहतो. तुझ्या श्रद्धेचे मर्म कशात आहे असे विचारल्यावर तो गेथशेमाने बागेकडे बोट दाखवतो: येशूला आपल्याला पकडायला येणार हे ठाऊक होते, तो निघून जाऊ शकला असता, आणि तरी तो थांबला. आपल्याला तसे धैर्य झाले असते का, हे एडवर्डला सांगता येत नाही. पुढे कळते की तो एकेकाळी खुनी होता आणि शिक्षा म्हणून त्याची स्मृती पुसून त्याला नवे व्यक्तिमत्त्व देण्यात आले होते. बळींचे नातलग त्याला शोधत येतात आणि तो पळून जात नाही. शेवटी त्याला मारणाऱ्यांपैकी एक जण, त्याचीही स्मृती पुसल्यावर, त्याच मठात नवा बंधू म्हणून येतो आणि स्थानकाच्या प्रमुखाला त्याच्याशी हस्तांदोलन करावे लागते. मालिकेचे निर्माते जे. मायकेल स्ट्राझिन्स्की स्वतःला नास्तिक म्हणवतात, आणि तरीही क्षमेचा भार इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारे दृश्य धार्मिक मालिकांतही दुर्मिळ आहे. हा भाग उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत, पाहावा, त्याआधी मार्काचा १४ वा अध्याय वाचावा, आणि पाहून झाल्यावर काही मिनिटे कोणीही बोलू नये. त्यानंतरचा प्रश्न असा: ज्याला आपले पाप आठवतच नाही, त्याचा पश्चात्ताप शक्य आहे का?

गटात चर्चा घेताना

गट घेणाऱ्याने आधी चौकशी करावी की, अलीकडे कोणाच्या घरी मरण झाले आहे का, कोणी गंभीर आजारी आहे का. ‘बी राइट बॅक’मध्ये एक तरुण स्त्री मृत जोडीदाराच्या संदेशांवरून घडवलेल्या बोलणाऱ्या प्रतीला घरात आणते. मृतांच्या लिखाणावरून संवाद साधणारी अशी संगणकीय साधने आता प्रत्यक्षातही आहेत, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला त्यांचा मोह होणे अगदी स्वाभाविक आहे. अशा माणसाला उपदेश करू नये. स्तोत्रांत विलापाला भरपूर जागा आहे. रडण्याला श्रद्धेची उणीव समजण्याची चूक मंडळीने करू नये. एवढे मात्र हळुवारपणे सांगता येते की, प्रत कधी नकार देत नाही, चिडत नाही, आपल्याला बदलायला लावत नाही, आणि म्हणून ती त्या माणसासारखी नसते. ख्रिस्ती प्रथेत आपण मृताला देवाच्या हाती सोपवतो. त्याला आपल्या हातात धरून ठेवण्याचा भार आपल्यावर राहत नाही.

चर्चेत कोणी स्वतःच्या मरणाची इच्छा बोलून दाखवली, तर मालिकेचा विषय तेथेच थांबवावा, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि पाळक किंवा धर्मगुरूंबरोबरच डॉक्टरांची मदतही त्याच दिवशी मिळवून द्यावी.

रोजच्या आयुष्यात

मालिका बंद झाल्यावर खरे काम सुरू होते. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीच्या चौथ्या अध्यायात, मरण दररोज डोळ्यांसमोर ठेवावे, अशी सूचना आहे. त्यासाठी मठात जाण्याची गरज नाही. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातील एक चूक देवासमोर कबूल करावी, एका माणसाचे आभार मनात मानावेत आणि वधस्तंभावर येशूने ३१ व्या स्तोत्रातून घेतलेले शब्द म्हणावेत, ज्यांत तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून घेताना आपण माती आहोत हे ऐकावे लागते. ते वाक्य त्या दिवशी कुटुंबात एकमेकांना सांगण्यासही हरकत नाही, फक्त ते भीती घालण्यासाठी नसावे. कॅथलिक घरांत २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना होते. त्या दिवशी मृतांची नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.

आजाऱ्याला भेटायला जाताना काय बोलावे या चिंतेने भेट टाळू नये. शांत बसावे, हात धरावा, त्याची परवानगी असेल तर एक लहान स्तोत्र वाचावे आणि तो थकण्यापूर्वी निघावे. आजाऱ्याला तैलाभ्यंग (आजाऱ्यासाठी प्रार्थना करून तेल लावण्याचा विधी) किंवा पवित्र सहभागिता (प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस) हवी आहे का हे वेळेत विचारावे. शुद्ध हरपल्यानंतर धावपळ करणे सर्वांनाच जड जाते.

मुले अशा मालिका पाहून थेट प्रश्न विचारतात. आजोबांनाही असे परत आणता येईल का, असे मुलाने विचारले, तर ‘नाही’ हा शब्द टाळू नये. आजोबा मेले आहेत, त्यांना आपण परत आणू शकत नाही, आपल्याला त्यांची फार आठवण येते आणि देव त्यांना उठवील असा आपला विश्वास आहे, ही चार वाक्ये याच क्रमाने सांगावीत. ‘ते झोपले आहेत’ असे लहान मुलाला सांगू नये, कारण त्याला मग स्वतःला झोपण्याची भीती वाटू शकते.

शेवटची सूचना कागदाची आहे. आपल्या अंत्यविधीत कोणते उतारे वाचावेत, कोणती गीते म्हणावीत, उपचार कोठवर करावेत आणि निर्णय कोणी घ्यावा, हे एका पानावर लिहून, खाली तारीख व सही करून, घरातील दोन माणसांना ते कोठे ठेवले आहे हे सांगावे. कायदेशीर मृत्युपत्र वेगळे करावे. दरवर्षी राखेच्या बुधवारी हे पान काढून वाचावे, बदल असल्यास नवे लिहावे आणि जुने फाडून टाकावे.